डुलती बाहुली आणि तिचा व्हिडिओ

तंजावरला आलेला पाहुणा परतताना बहुधा राजा-राणीच्या बाहुल्यांची जोडी घेऊन जातो. बूड गोल आणि जड. बोटाने कलंडवली तरी बाहुली डुलत डुलत पुन्हा उभी राहते. स्थायी समतोलाचे हे उदाहरण तुम्हीही कधीतरी ऐकले असेल. इथेच शिकवत असल्यामुळे मी या बाहुलीचे एक संवादी ॲनिमेशन फ्लॅशमध्ये केले होते. त्यात तीन स्लायडर होते: बुडाची त्रिज्या, गुरुत्वमध्याची तळापासूनची उंची आणि सुरुवातीचा कल. गुरुत्वमध्य बुडाच्या गोलाच्या केंद्राखाली असेल तर बाहुली उठते, केंद्राच्या वर गेला तर पडते, आणि नेमका केंद्रावर आला तर जिथे सोडाल तिथेच राहते.

अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात फाइली उघडेनाशा झाल्या. वर्ग तेव्हा मोबाइलवर भरत होते. मीही सोपा मार्ग धरला: ॲनिमेशनचा एमपी४ केला आणि मुलांना पाठवून दिला. चाळीस सेकंदांत बाहुली कलते, उठते; मग गुरुत्वमध्य वर जातो, ती पडते. व्हिडिओ देखणा होता.

तोंडी परीक्षेत विचारले, बाहुली का उठते? एकजात उत्तर आले, ‘खालचा भाग जड आहे म्हणून.’ मग एका मुलीनेच उलट विचारले, ‘सर, वजन तेवढंच ठेवून बूड लहान केलं तर?’ प्रश्न अचूक होता. खालचा भाग जड असणे पुरेसे नाही; गुरुत्वमध्याची उंची बुडाच्या त्रिज्येपेक्षा कमी हवी. तुलना दोन लांबींची आहे. मूळ ॲनिमेशनमध्ये त्रिज्येचा स्लायडर त्यासाठीच होता. व्हिडिओ करताना मी तो हलवलाच नव्हता.

म्हणून या टिपणात व्हिडिओकडे जरा टीकेच्या नजरेने पाहू. तुम्हीही प्रकल्पांसाठी असे व्हिडिओ करता.

एक्स्पोर्ट या शब्दामुळे वाटते की एका डब्यातले धान्य दुसऱ्या डब्यात ओतायचे आहे. तसे नसते. संवादी ॲनिमेशन म्हणजे नियम. व्हिडिओ म्हणजे त्या नियमांतून निघालेला एक प्रवास. तीन स्लायडर, प्रत्येकाच्या दहा जागा, तर १००० शक्यता. प्रत्येकीला वीस सेकंद दिले तर साडेपाच तासांहून मोठा व्हिडिओ होईल आणि तो कोणी पाहणार नाही. म्हणजे निवड आलीच. ती निवड करणारा लेखक असतो, पण तो स्वतःला तंत्रज्ञ समजतो आणि हाताला येईल ते रेकॉर्ड करतो. वाईट शैक्षणिक व्हिडिओंचे मूळ मला बहुतेक वेळा इथेच दिसते. रंग, आवाज, पार्श्वसंगीत हे नंतरचे दोष. (पार्श्वसंगीताबद्दल मात्र मला क्षमा नाही. बाहुली डुलताना बासरी कशाला?)

माझ्या व्हिडिओत उठणे आणि पडणे अशी दोन टोके होती. मधला भाग गळला होता, आणि खरे शिकण्यासारखे तिथेच होते. त्रिज्या ५ सेमी ठेवून गुरुत्वमध्य ३ सेमीवरून हळूहळू ४.५ सेमीपर्यंत न्या. दोहोंतला फरक २ सेमीवरून अर्ध्या सेमीवर येतो, उभे करणारे बल त्याच प्रमाणात घटते, आणि डुलण्याचा आवर्तकाळ दुपटीहून अधिक होतो. बाहुली आळसावते. स्वतः स्लायडर ओढणाऱ्याला हा आळस बोटांत जाणवतो. पडण्याआधीच पडणे येऊ घातल्याचे कळते. व्हिडिओत हे दाखवता येते, पण त्यासाठी तीन बाहुल्या शेजारी शेजारी एकदम सोडाव्या लागतात. मूळ ॲनिमेशनमध्ये नसलेले दृश्य नव्याने रचावे लागते.

आता तांत्रिक चुका. जुन्या फ्लॅशमधून एव्हीआय काढले की मूव्ही क्लिपच्या आतली हालचाल पहिल्याच फ्रेमवर गोठत असे, कारण फक्त मुख्य टाइमलाइन उतरत असे. ही चूक निदान डोळ्यांना दिसे. आजची चूक दिसत नाही. समजा तुमचा प्रोग्रॅम प्रत्येक फ्रेमला वेळ १/६० सेकंदाने पुढे नेतो, आणि त्याच फ्रेम तुम्ही सेकंदाला ३० या वेगाने एमपी४ मध्ये बसवल्या. बाहुली निम्म्या वेगाने डुलेल. दिसायला उलट अधिक डौलदार! पण कोणी घड्याळ लावून आवर्तकाळ मोजला तर दुप्पट येईल. व्हिडिओने भौतिकशास्त्र खोटे सांगितले. म्हणून स्क्रीन रेकॉर्ड करण्यापेक्षा वेळ १/३० सेकंदाच्या टप्प्यांनी स्वतः पुढे न्या, प्रत्येक फ्रेमचे चित्र साठवा आणि मग एफएफएमपेगने जोडा. वीस सेकंदांना ६०० चित्रे होतात. चित्राची रुंदी आणि उंची सम पिक्सेलमध्ये ठेवा, नाहीतर नेहमीच्या एच.२६४ मांडणीत एफएफएमपेग अडून बसते. त्या मांडणीत रंगाची माहिती आडवी-उभी निम्मीच साठवली जाते, त्यामुळे बारीक लाल रेघ फिकट होते. गुरुत्वमध्याचा ठिपका मोठा काढा.

तुलनेसाठी कोलोराडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाकडे पाहा. कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. जुनी जावा आणि फ्लॅशमधली सिम्युलेशन व्हिडिओत न बदलता त्यांनी एचटीएमएल५ मध्ये नव्याने लिहायला घेतली. त्यातले ‘बॅलन्सिंग ॲक्ट’ उघडा. फळीखाली दोन टेकू असतात. विटा ठेवून झाल्यावर तुम्ही टेकू काढता, मग फळी कलते. तो टेकू फार विचारपूर्वक ठेवलेला आहे. तो काढण्यापूर्वी मनात अंदाज बांधल्यावाचून राहवत नाही. याचा व्हिडिओ केला तर टेकू कोणीतरी दुसराच काढतो, तोही तुमचा अंदाज होण्याआधी.

पण नव्याने लिहायला माणसे, पैसा आणि वर्षे लागतात, आणि एकट्या शिक्षकाकडे ती नसतात. रफलसारखा एम्युलेटर बऱ्याच जुन्या फ्लॅश फाइली चालवतो, तेव्हा मूळ फाइल फेकू नका. आणि व्हिडिओला मी कमी लेखत नाही. तो स्वस्त मोबाइलवर नेटशिवाय चालतो, वर्गातल्या साठ जणांना एकच क्षण एकदम दाखवतो, कुठेही थांबवता येतो.

माझा नवा व्हिडिओ तीन मिनिटांचा आहे. पहिल्याच मिनिटात बूड लहान होते आणि तेच वजन असलेली बाहुली पडते. प्रत्येक वेळी सोडण्याआधी पाच सेकंद पडदा स्थिर राहतो. एक जागा मात्र अजून नीट जमलेली नाही: गुरुत्वमध्य नेमका केंद्रावर. ॲनिमेशनमध्ये मुले बाहुली कलवत, ती तशीच राही, आणि ती हसत. व्हिडिओत कललेली, न हलणारी बाहुली पाहून पहिल्या वर्गाने मला कळवले की नेट अडकले आहे. आता मी कोपऱ्यात चालते घड्याळ ठेवले आहे.