संस्थापकाचे स्मरण आणि नातेवाचक संबोधन

राजकीय पक्ष दिवंगत संस्थापकाचे स्मरण करतो, तेव्हा त्या स्मरणाचा खरा श्रोता हयात अनुयायी असतो. या दृष्टीने द्रविड मुन्नेत्र कळघमची स्मरणभाषा अभ्यसनीय आहे. संस्थापक सी. एन. अण्णादुराई यांचे निधन ३ फेब्रुवारी १९६९ रोजी, मुख्यमंत्रिपदी असताना झाले. त्या तिथीस मरीना किनाऱ्यावरील समाधीकडे मूक मिरवणुकीने जाण्याचा पक्षाचा प्रघात आहे. सप्टेंबरात पेरियार व अण्णादुराई यांचे जन्मदिन आणि पक्षाचा स्थापनादिन मिळून ‘मुप्पेरुम् विळा’ साजरा होतो.

‘अण्णा’ हे नावाचे संक्षिप्त रूप, तसेच थोरल्या भावाचे संबोधन होय. अण्णादुराईंची पत्रे ‘तंबी’स, म्हणजे धाकट्या भावास, उद्देशून असत. तमिळच्या नित्य व्यवहारात भाऊ एक तर थोरला असतो, नाही तर धाकटा. त्यामुळे समतावादी पक्षाचे बंधुत्वही ज्येष्ठ-कनिष्ठ भेदासहच अवतरले.

उत्तराधिकारी करुणानिधी यांनी ‘मुरसोली’तील पत्रांतून ‘उडन्पिरप्पे’ हे संबोधन रूढ केले. ‘उडन्’ म्हणजे सह, ‘पिरप्पु’ म्हणजे जन्म, अंत्य ‘ए’ संबोधनाचा. या सामासिक शब्दात वयही नाही, लिंगही नाही. स्त्री-कार्यकर्तीही त्यात सहज सामावते. थोरल्या भावाचे स्थान दिवंगताकडेच राहते आणि उरलेले सारे सहजात ठरतात. संघटनेस एकत्र बांधणारा याहून समर्पक शब्द सापडणे कठीण.

मात्र त्याची मर्यादाही तेथेच आहे. मत बदलता येते, जन्म बदलता येत नाही. निष्ठेला नात्याचे रूप दिले की मतभेद हा घरभेद ठरतो. १९७२ मध्ये पक्षातून काढले गेलेल्या एम. जी. रामचंद्रन यांनी नव्या पक्षाच्या नावातच ‘अण्णा’ योजिले, आणि धोरणाच्या वादाला वारसाहक्काच्या वादाचे स्वरूप आले. शिवाय शब्दातील समता व्यवहारात उतरतेच असे नाही. पत्र नेता लिहितो, सहजात ते वाचतात.

स्वतः अण्णादुराईंचे आचरण या भाषेहून उदार होते. १९४९ मध्ये पेरियारांपासून विभक्त होऊनही त्यांनी नव्या पक्षाचे अध्यक्षपद पेरियारांसाठी रिक्त ठेवले. ते १९६९ पर्यंत तसेच राहिले. मतभेद आणि आदर एकत्र नांदू शकतात, हा त्या रिकाम्या आसनाचा अर्थ होता. स्मरणभाषेत थोरला भाऊ टिकला. हा अर्थ मात्र तीत क्षीण झाला.