लकीच्या गळ्यातील दोर

सॅम्युअल बेकेटचे 'वेटिंग फॉर गोदो' ५ जानेवारी १९५३ रोजी पॅरिसमध्ये प्रथम रंगमंचावर आले. पुढे १९६१ मध्ये मार्टिन एस्लिनच्या ग्रंथाने अशा नाटकांसाठी 'ॲब्सर्ड' ही संज्ञा रूढ केली. तेव्हापासून समीक्षक सांगत आले : न येणाऱ्या गोदोची वाट पाहणारे दोन भणंग म्हणजे अखिल मानवजात, आणि ते निष्पर्ण झाड म्हणजे अर्थशून्य अस्तित्व. नगर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण महाविद्यालयात हे नाटक शिकवताना मला या अर्थाबद्दल काही प्रश्न पडतात.

गोदो कोण, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली. पण लकी कोण? तो गळ्यात दोर घेऊन पोझोचे ओझे वाहतो. हुकूम झाला की नाचतो, हुकूम झाला की विचारही करतो. पोझो त्याला बाजारात विकायला निघाला आहे. पोझोने कोंबडी खाऊन टाकलेली हाडे एस्ट्रागॉन मागतो, तेव्हा पोझो म्हणतो, रीतीप्रमाणे हाडे हमालाची, त्यालाच विचार. उष्ट्या हाडांना हक्क म्हणणारी ही रीत आमच्या वर्गातल्या पोरांना नवी नाही. मेल्या ढोरावरचा हक्क, दारोदार मागायची भाकर आणि त्यापायी रात्रंदिवस राबायची गावकी त्यांनी आजोबांकडून ऐकलेली असते. याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला नावच दिले 'बलुतं'.

लकी ओझे खाली का ठेवत नाही? पोझोचे उत्तर असे, की आपल्याला हाकलू नये म्हणून. त्याचे डोळे पुसायला आलेल्या एस्ट्रागॉनलाच लकी लाथ मारतो. दुसऱ्या अंकात पोझो आंधळा आणि लकी मुका झालेला आहे. तरी दोर सुटलेला नाही, उलट आखूड झाला आहे. गुलामी माणसाच्या आत कशी मुरते, हे बेकेटने नेमके पाहिले आहे. या दोराला परस्परावलंबनाचे प्रतीक म्हणून मोकळे होणाऱ्यांना मात्र मला विचारावेसे वाटते, की दोर ज्याच्या हातात आणि दोर ज्याच्या गळ्यात, त्या दोघांची 'मानवी अवस्था' एकच कशी?

बेकेटच्या रस्त्यावर इतिहास नाही. आमच्या रस्त्यावर महाड आहे. १९२७ मध्ये बाबासाहेबांनी तेथे मेलेल्या ढोराचे मांस सोडायला सांगितले. १९२८ मध्ये वतनाच्या जोखडाविरुद्ध मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. १९५८ च्या कायद्याने महार वतने रद्द झाली. दोर नियतीने बांधलेला असता, तर तो असा कायद्याने आणि लढ्याने ढिला झाला नसता. जो भाग अजून सुटलेला नाही, त्याचाही जाब नियतीला विचारून भागणार नाही.

प्रेमानंद गज्वींची 'घोटभर पाणी' (१९७७) ही एकांकिका या संदर्भात वाचावी. दोनच पात्रे आणि रूढ कथानकाला दिलेली बगल, एवढ्यावरून तीही कोणी ॲब्सर्डच्या खात्यात टाकील. पण तिच्यातले पाणी आधी पाणी आहे, मग प्रतीक. ते कोणी अडवले, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. गोदोची वाट पाहणाऱ्यांना आपण कोणामुळे थांबलो आहोत, हे शेवटपर्यंत कळत नाही.

म्हणून दलित रंगभूमीने ॲब्सर्डचे तंत्र खुशाल घ्यावे. त्यातली विफलता मात्र पारखून घ्यावी. आमच्या नाटककाराने लकीला मध्यभागी आणावे, आणि दोराचे दुसरे टोक कोणाच्या हातात आहे, तेही प्रेक्षकांना दाखवावे.