तेवीस मजल्यांचा तळमजला

आपल्याकडे कादंबरीचे परीक्षण होते, नाटकाचे होते, क्वचित एखाद्या चित्रप्रदर्शनाचेही होते. इमारतीचे मात्र होत नाही. इमारतीविषयी आपण दोनच प्रश्न विचारतो: मजले किती, आणि किंमत किती? मुंबईच्या नरिमन पॉइंटवरील एअर इंडिया इमारतीपुरती दोन्ही उत्तरे तयार आहेत. मजले २३, किंमत १,६०१ कोटी रुपये. सरकारी कचेऱ्यांसाठी ही वास्तू विकत घ्यावयाचे महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरविले आणि मार्च २०२४ मध्ये केंद्राने त्यास संमती दिली. व्यवहार आपल्या पैशांचा आहे. तेव्हा त्या वास्तूविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार आर्वीच्या मास्तरालाही पोहोचतो, असे धरून चालतो.

प्रथम गुणांचे बोलू. इमारत १९७४ सालची. आराखडा न्यूयॉर्कच्या जॉन बर्जी या वास्तुकाराचा; फिलिप जॉन्सन या नामांकित वास्तुकाराचा हा भागीदार. चौपाटीकडून मरीन ड्राइव्हच्या कठड्याकठड्याने पाहात यावे, म्हणजे तिची खरी जागा कळते. समुद्राचे ते लांबलचक वळण कोठे तरी थांबावयास हवे होते. ही पांढुरकी, ताठ वास्तू तेथे पूर्णविरामासारखी उभी आहे. शिखरावर कंपनीचा धनुर्धारी, अर्धा माणूस नि अर्धा घोडा. ज्या कंपनीने १९४६ साली बॉबी कूका आणि उमेश राव यांच्याकडून तो मिशाळ, लवून मुजरा करणारा महाराजा घडवून घेतला, जिने हुसेन आणि आमच्या नागपुरात १९२४ साली जन्मलेले वासुदेव गायतोंडे यांची चित्रे विकत घेतली, तिला दिसण्याची कदर होती, यात शंका नाही. दुरून पाहणाऱ्याला जे द्यावयाचे, ते या इमारतीने पुरेपूर दिले आहे.

पण कादंबरी जशी केवळ मुखपृष्ठावरून जोखता येत नाही, तशी इमारत दुरून जोखता येत नाही. तिच्या पायथ्याशी जाऊन उभे राहावे लागते. तेथे माझी निराशा होते. पायथा मोटारींचा आहे. गाडीतून उतरावे, काचेच्या दारातून आत शिरावे, आणि उद्वाहकाने, म्हणजे आपल्या लिफ्टने, वर जावे. ज्याला वर काही काम नाही, त्याला खालीही काही काम नाही! याच फिलिप जॉन्सनने आपला वडीलधारा सहकारी मीस व्हॅन डर रोहे याच्याबरोबर न्यूयॉर्कला सीग्रॅम नावाची ३८ मजली इमारत उभारली. ती १९५८ साली पुरी झाली. तेथील जमीन सोन्याच्या मोलाची. तरीही इमारत रस्त्यापासून मागे सरकवून पुढे मोकळा चौक सोडला. कारकून दुपारी तेथे डबा घेऊन बसतात, आणि ज्याचा त्या इमारतीशी काडीचाही संबंध नाही असा वाटसरूही बसतो. मद्याच्या कंपनीने जे औदार्य दाखविले, ते आमच्या सार्वजनिक कंपनीला का सुचू नये?

१२ मार्च १९९३ या दिवशी मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका झाली आणि एकंदर २५७ माणसे दगावली. त्यांतला एक स्फोट याच पायथ्याशी, मोटारीत झाला. वीस माणसे तेथे गेली. त्यानंतर अशा इमारतींच्या दाराशी अडसर आणि तपासण्या वाढल्या, आणि त्याबद्दल कोणाला बोल लावता येणार नाही. पण मुळात जो पायथा आपुलकीचा नव्हता, तो आता संशयाचाही झाला.

आता ती उभी आहे त्या जमिनीविषयी. कारण माझ्या मते इमारतीपेक्षा जमिनीची कथा अधिक सुरस आहे, आणि तिच्यात आम्ही वऱ्हाड-वर्ध्याकडचे कास्तकार पहिल्या प्रकरणापासून आहोत. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला, आणि हिंदुस्थानच्या कापसाला अचानक सोन्याचा भाव आला. आमच्या जिल्ह्यातल्या हिंगणघाटच्या कापसाचा तेव्हा मोठा नावलौकिक होता. या कापसाच्या पैशाने मुंबईला जे वेड लागले, त्यातले एक म्हणजे बॅकबेचा समुद्र बुजविण्याची कंपनी. तिच्या समभागांवर लोकांनी उड्या घातल्या. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळला, आणि कंपनी बुडाली. समुद्र होता तेथेच राहिला.

दुसरा अंक १९२० नंतरचा. गव्हर्नर लॉइड यांनी भरणीची योजना पुन्हा हाती घेतली. खर्च फुगत गेला, गाळ वाहून जाऊ लागला, आणि लोकांनी तिला ‘लॉइडचा वेडेपणा’ असे नाव ठेविले. त्यातला गैरकारभार चव्हाट्यावर आणणारा माणूस म्हणजे खुर्शेद फ्रामजी नरिमन. त्यांच्यावर हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने अब्रुनुकसानीचा खटला भरला. नरिमन त्यातून निर्दोष सुटले. आणि आज समुद्र बुजवून केलेल्या त्याच टोकाला नाव कोणाचे? नरिमन यांचे. माझ्या कादंबरीत मी असे लिहिले असते, तर संपादकांनी ‘फार जुळवून आणलेले वाटते’ म्हणून काट मारली असती.

तिसरा अंक सर्वांत शहाणा होता, म्हणून तो पुरता रंगला नाही. १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी सुचविले, की दक्षिण टोकाला आणखी गर्दी करू नका. खाडीपलीकडे नवी मुंबई वसवा, आणि सरकारी कचेऱ्याच तिकडे न्या, म्हणजे बाकीचे आपोआप मागे येतील. १९७० साली सिडको स्थापन झाली, नवी मुंबई वसलीही. पण सचिवालय हलले नाही. उलट इकडे भर टाकून नरिमन पॉइंटचे मनोरे वाढू लागले. एअर इंडियाची इमारत म्हणजे त्या न ऐकलेल्या सल्ल्यावर उभारलेली २३ मजल्यांची सही आहे! आणि गंमत अशी, की तिच्या खालची जमीन मूळची राज्य सरकारचीच, भाडेपट्ट्याने दिलेली. त्यापोटी सरकारचे सुमारे २९८ कोटींचे येणे होते, तेही या खरेदीत सोडून द्यावे लागले. कंपनीने आपली कचेरी २०१३ साली दिल्लीला हलविली. सरकारला मात्र अर्ध्या शतकानंतरही पलीकडे जाणे जमले नाही.

खरेदीची निकड मला समजते. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली आणि कित्येक खाती गावभर विखुरली. त्यांना एका छताखाली आणावे, हे रास्त आहे. प्रश्न छताखाली कोण, एवढाच नाही. दाराबाहेर कोण, हाही आहे. जानेवारी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातले वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून अखेर मंत्रालयातच विष घेतले, आणि ते गेले. पुढच्याच महिन्यात मंत्रालयाच्या आतल्या चौकावर, कोणी वरून उडी टाकू नये म्हणून, जाळी बसविण्यात आली. त्या जाळीपेक्षा कठोर वास्तुपरीक्षण मला लिहिता येणार नाही.

आमच्याकडचा माणूस वर्ध्याहून रात्रीच्या गाडीने निघतो आणि सकाळी मुंबईला उतरतो. पासाच्या खिडकीवर सामान्य अभ्यागतांची वेळ वर्षानुवर्षे दुपारची. मधले सहा तास त्याने काढावे कोठे? पिशवीत सातबारा, भाकरी आणि बदललेले धोतर घेऊन तो जाऊन बसतो मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर. आणि त्या सगळ्या टोकाला, माझ्या मते, तो कठडा हीच सर्वांत थोर वास्तू आहे. तो पास मागत नाही, नाव विचारीत नाही. शेठ आणि कास्तकार यांना एकाच उंचीवर बसवितो. फक्त तेथे सावली नाही. आणि आठ पावलांवर, रस्त्यापलीकडे, सावलीचे तेवीस मजले उभे असतात.

वरच्या दालनांत कोणते खाते कोठे बसवावयाचे, याची चर्चा सरकारने खुशाल करावी. समुद्राकडचा तळमजला मात्र कोणत्याही खात्याला देऊ नये. मोटारींची जागा मागच्या अंगाला न्यावी, पुढे बाके टाकावीत, पिण्याचे पाणी ठेवावे, आणि अर्ज लिहून देणारा एक माणूस बसवावा, सकाळी सातपासून.