हवेत टांगलेला मोबाइल

मेटाचा क्वेस्ट हेडसेट उभ्यानं, फिरून वापरायचा असेल तर निदान साडेसहा फूट लांब आणि तेवढीच रुंद मोकळी जागा हवी, असं कंपनीच सांगते. उल्हासनगर कॅम्प १ मध्ये हे वाचून कुणालाही हसू येईल. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी तळाच्या बराकी फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या वाट्याला आल्या. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसून वस्तीचं उल्हासनगर झालं. पुढे एकेका खोलीत पोटमाळा निघाला, ओटा आला, रस्त्याच्या बाजूला दुकान आलं. मोकळी म्हणावी अशी जी जमीन उरते, तिच्यावर रात्री गाद्या पडतात. हेडसेट आखतो ती सुरक्षेची जाळी इथे पहिल्याच पावलाला कपाटाच्या दारावर जाऊन आदळेल.

खोली लहान असल्याचं दुःख मी सांगत नाही. हेडसेटसाठी अ‍ॅप आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कुठली खोली असते, हे त्या मोजमापावरून कळतं. सोफा, गालिचा, रिकामी भिंत, आणि घरात एकटाच माणूस. मिक्स्ड रिअ‍ॅलिटी, म्हणजे खरी खोली दिसत असतानाच तिच्यात आभासी वस्तू मांडणं, ही कला गेल्या दहा वर्षांत यंत्राच्या बाजूनं बरीच पुढे गेली. आराखड्याच्या बाजूनं मात्र ती अजून मोबाइलच्या चौकटीतच आहे. बहुतेक वेळा आपण पाहतो तो हवेत टांगलेला मोबाइल.

असं होण्याला धंद्याचं कारण आहे. अ‍ॅपलचा व्हिजन प्रो २ फेब्रुवारी २०२४ ला अमेरिकेत ३,४९९ डॉलरला विक्रीला आला, तेव्हा खास त्याच्यासाठी घडवलेली अ‍ॅप थोडी होती. म्हणून आयपॅडची अ‍ॅप आपोआप त्यावर चालतील, नको असेल त्यानं तसं सांगावं, अशी व्यवस्था केली गेली. नेटफ्लिक्स आणि यूट्यूबनं नको म्हटलं; बाकी असंख्य अ‍ॅप जशीच्या तशी चढली. गूगलच्या अँड्रॉइड एक्सआरवर चालणारा सॅमसंगचा गॅलेक्सी एक्सआर २०२५ च्या ऑक्टोबरात आला, तोही प्ले स्टोअरची गंगाजळी बरोबर घेऊनच. दुकान पहिल्या दिवशी भरलेलं दिसलं, एवढं खरं.

पण मोबाइलचा पडदा ज्या कारणांनी तसा झाला, त्यातलं एकही कारण इथे उरत नाही. बटणांची पट्टी तळाशी असते, कारण अंगठा तिथे पोचतो. हेडसेटमध्ये अंगठा पडद्याला लागतच नाही. तळाची पट्टी बघायला मान खाली घालावी लागते, आणि डोक्यावर व्हिजन प्रोसारखं सहाशे ग्रॅमच्या वर वजन असताना मान किती वेळा खाली जाईल? बोटासाठी अ‍ॅपलनं बटणाभोवती ४४ पॉइंटची जागा ठरवली होती, नजरेसाठी तीच ६० केली. बोटापेक्षा नजर जास्त हलते, म्हणून. आयपॅडवरून उचलून आणलेल्या अ‍ॅपमध्ये दाटीनं मांडलेली बटणं तशीच राहतात, आणि बघायचं असतं एक, दाबलं जातं शेजारचं.

नजरेचा दुसरा घोळ याहून जुना आहे. संशोधक रॉबर्ट जेकब यांनी १९९० च्या सुमारासच तो मांडला होता: माणूस जिकडे पाहील तिकडचं बटण दाबलं जात असेल, तर त्याला साधं बघण्याचीही सोय राहत नाही. नजरेला भस्मासुराचा हात मिळाल्यासारखं होतं. अ‍ॅपलनं यावर निवडलेला तोडगा मला या सगळ्या कलेतला सर्वांत प्रगल्भ निर्णय वाटतो. डोळ्यांनी नुसतं नेमायचं, कामाचा हुकूम दोन बोटांच्या चिमटीनं द्यायचा. त्यातही चिमूट होईपर्यंत तुम्ही कुठे बघत होता हे अ‍ॅपला कळतच नाही. ज्यांना ग्राहक कुठे रेंगाळला ते टिपायची सवय लागली आहे, त्यांची चांगलीच अडचण झाली, आणि झाली ते बरं झालं.

आता आपल्याकडे मोबाइलवरचा रोजच्या वापरातला पडदा कुठला, तर क्यूआर कोड टिपणारा. वडापावची गाडी असो की कापडाचं दुकान, कोड समोर चिकटवलेला असतोच. हेडसेटवर नेमकं हेच अडतं. कपाळावर कॅमेऱ्यांची रांग असूनही खाजगीपणाच्या कारणानं ती चित्रं अ‍ॅपच्या हाती सहजासहजी लागत नाहीत. व्हिजन प्रोवर ती परवानगी २०२४ पासून मिळते, पण फक्त कंपन्यांच्या अंतर्गत वापराला. मेटानं क्वेस्टवर ती वाट २०२५ मध्ये उघडायला सुरुवात केली. समजा उद्या सरसकट मिळाली, तरी यूपीआयचा पिन भर बाजारात बोटं नाचवून हवेत टाकायचा का? याचं उत्तर कुणाकडे आहे असं अजून दिसलेलं नाही.

मराठी अक्षराची गोष्ट तर कुणी काढतच नाही. निरोगी डोळा एका अंशात साधारण साठ ठिपके वेगळे ओळखतो; क्वेस्ट ३ देतो पंचवीसच्या आसपास. रोमन अक्षर एवढ्यात निभावून नेतं. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांट्या, रफार, अनुस्वार लागतात, खाली उकार, आणि मधे जोडाक्षरं. ‘कीर्ती’ लिहून पाहा: दोन वेलांट्या आणि दुसरीच्या डोक्यावर एक रफार, सगळे एकाच अरुंद पट्टीत. मान जराशी हलली की बारीक शिरोरेषा लुकलुकते, अनुस्वार मागच्या भिंतीत विरतो. त्यात सध्याची फॅशन पारदर्शक काचेसारख्या पाट्यांची. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेनं केलेला ‘बलू’सारखा जाड, मोकळा टंक इथे कामाला येऊ शकेल, पण अनुवादाच्या शेवटच्या फेरीत इंग्रजी काढून मराठी घातलं की झालं, या समजुतीला टंक काय करणार? उल्हासनगरात तर आणखी एक पदर आहे. इथली जुनी सिंधी पिढी अरबी वळणाच्या लिपीत, उजवीकडून डावीकडे वाचत आली.

देशी प्रयत्नांचं काय? मुंबईच्या टेसरॅक्टला रिलायन्सनं २०१९ मध्ये आपल्या छत्राखाली घेतलं, २०२० च्या वार्षिक सभेत ७५ ग्रॅमचा, तारेनं मोबाइलला जोडायचा जिओ ग्लास दाखवला गेला, त्याचं बरंच कौतुक झालं. लोकांच्या हाती आला तो २०२३ चा १,२९९ रुपयांचा जिओडाइव्ह: आत मोबाइल सरकवायचा आणि आयपीएल चहूबाजूंनी बघायचं. ही मिक्स्ड रिअ‍ॅलिटी नव्हे, खोली दिसतच नाही. आणि मोबाइल खोक्यात गेला की ज्या काचेवर बोट फिरवायचं तीच हाताबाहेर जाते.

मला जास्त आशा वाटते ती ठाण्याच्या अज्ञालेन्सच्या वाटेची. पंकज राऊत, अभिजित पाटील आणि अभिषेक तोमर यांची ही कंपनी २०१४ पासूनची, स्वतःचे हेडसेट घडवणारी. तिनं कारागिरीच्या प्रशिक्षणाला हात घातला. वेल्डिंग, रंगाची फवारणी अशी कामं. या कामांत पाट्या, याद्या, बटणं यांना जवळजवळ जागाच नसते. वेल्डिंगच्या टॉर्चचं टोक पत्र्यापासून किती लांब, कोन किती, हात किती वेगानं सरकतो, यावर समोरचा सांधा सरळ येतो किंवा फुगतो. शिकणाऱ्याला चूक सांधाच दाखवतो, वेगळी सूचना वाचावी लागत नाही. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या माणसाला हा इंटरफेस समजावून सांगायची गरज पडणार नाही.

अर्थात इथेही गुण आणि टक्के दाखवणारा फलक कोपऱ्यात टांगायचा मोह आवरत नाही. आणि यंत्र बनवणाऱ्याचा भरवसाही नाही: कारखान्यांनी ज्याच्यावर कामाच्या पद्धती बेतल्या, त्या होलोलेन्स २ चं उत्पादन मायक्रोसॉफ्टनं २०२४ मध्ये थांबवलं. शिवाय वेल्डरच्या हातात जाड चामड्याचा मोजा असतो. हाताचा माग काढणारे कॅमेरे उघड्या बोटांवर शिकलेले. मोज्यातली चिमूट त्यांना धड ओळखू येत नाही. म्हणून अशा प्रशिक्षणात खऱ्या वजनाची टॉर्चच हातात द्यावी लागते, आणि अ‍ॅपचा आराखडा त्या टॉर्चच्या मुठीपासून सुरू करावा लागतो.