छोटी आगगाडी आणि ‘मृत’ रूळ

छोट्या आगगाडीच्या छंदावर ब्रिटनमध्ये पुष्कळ हस्तपुस्तिका निघाल्या आहेत. हा छंद आपल्याला अगदीच परका नाही. पुण्यात १९९८ साली सुरू झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय काही वाचकांनी पाहिले असेल. या पुस्तिकांतील एक प्रकरण विज्ञान-शिक्षकांनी जरूर वाचावे असे आम्हांला वाटते. मुख्य मार्गापासून फुटणाऱ्या सायडिंगला वीज कशी द्यावी, हा त्याचा विषय. कृती सांगण्यात ते चोख असते. कारणे सांगण्यात मात्र कमी पडते.

आधी रचना पाहू. नेहमीच्या दोन-रुळी पद्धतीत नियंत्रकाची एक तार एका रुळाला व दुसरी दुसऱ्या रुळाला जोडतात. रुळांमध्ये साधारणतः १२ व्होल्टपर्यंत विभवांतर असते. एका रुळातून चाकात, तेथून मोटारीत आणि पलीकडच्या चाकातून दुसऱ्या रुळात असा विद्युतप्रवाह वाहतो. म्हणजे रूळ हे तारांचे काम करतात. सायडिंग फुटते तेथील सांध्याला दोन सरकत्या पट्ट्या असतात. एका वेळी त्यांतली एकच बाहेरच्या रुळाला टेकते. म्हणजे सांधा हा स्विच झाला.

आता पुस्तिकांतील दोन नियम घ्या. पहिला : वीज सांध्याच्या टोकाकडून, म्हणजे दोन मार्ग जेथे एक होतात त्या बाजूने द्यावी. दुसरा : रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र तार जोडावी. दोन्ही नियम बरोबर आहेत. पण चौकस विद्यार्थी विचारणारच, की सांधाच वीज पोचवतो तर वेगळ्या तारा कशाला? पहिल्या नियमात सांध्याला स्विच मानले आहे. दुसऱ्यात त्याच्यावर विसंबायचे नाही असे ठरवले आहे, कारण पट्ट्यांच्या टोकांवर मळ बसला की प्रवाह अडतो. एवढे एक वाक्य लिहिले असते तर गोंधळ उरला नसता.

मोठी उणीव पुढेच आहे. सांधा मुख्य मार्गाकडे वळवला की सायडिंग ‘मृत’ होते, असे पुस्तिका सांगतात. या एका शब्दाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी दडल्या आहेत. दोन मार्गांचे आतले रूळ जेथे एकत्र येतात, त्या भागाला ‘फ्रॉग’ म्हणतात. फ्रॉग प्लॅस्टिकचा असेल तर सायडिंगचा आतला रूळ कशालाच जोडलेला राहत नाही. मंडल तुटलेले असते. फ्रॉग धातूचा असेल तर तोच रूळ बाहेरच्या रुळाशी जोडला जातो. दोन्ही रूळ एकाच ध्रुवाला जोडलेले, म्हणून विभवांतर शून्य. इंजिन दोन्ही वेळा उभेच राहते.

हा फरक शब्दच्छल नव्हे. धातूच्या फ्रॉगमागच्या त्या रुळाला कोणी दुसऱ्या नियमाप्रमाणे तार जोडली, तर सांधा मुख्य मार्गाकडे वळताच शॉर्ट सर्किट होते. म्हणून फ्रॉगच्या पुढे दोन्ही आतल्या रुळांत विद्युतरोधक जोड घालावे लागतात. पुस्तिका हे जोड घालायला सांगतात. का, ते बहुधा सांगत नाहीत. डिजिटल पद्धतीत रुळांत सतत पूर्ण वीज असते आणि आज्ञा इंजिनातल्या यंत्रणेला जाते. तेथे सायडिंग मृत ठेवण्याची गरज उरत नाही, पण हे जोड तेथेही लागतात.

वर्गात याची परीक्षा सहज घेता येईल. सायडिंगवरचे इंजिन काढा. सांधा मुख्य मार्गाकडे वळवून १२ व्होल्टचा लहान दिवा सायडिंगचा आतला रूळ आणि मुख्य मार्गाचा बाहेरचा रूळ यांमध्ये धरा. धातूचा फ्रॉग असेल तर दिवा लागेल, प्लॅस्टिकचा असेल तर लागणार नाही. ‘रुळात वीज आहे का?’ हा प्रश्नच अपुरा आहे आणि ‘कोणत्या दोन बिंदूंमध्ये?’ असे विचारायला हवे, हे मुलांना त्या दिव्यावरून कळेल. पाठ्यपुस्तकातील विभवांतराच्या व्याख्येला तेव्हा अर्थ येईल.