‘विघटन झाले’ : एका वाक्यरचनेची चिकित्सा

प्रकाश व उत्प्रेरक यांच्या साहाय्याने प्लॅस्टिकच्या कचऱ्याचा निकाल लावण्याच्या प्रयोगांविषयी मराठीत जे लेखन होते, त्यात एक वाक्य हटकून आढळते : ‘प्लॅस्टिकचे विघटन झाले.’ या वाक्यामागील रसायनाची परीक्षा त्या विषयाचे अभ्यासक करतीलच. प्रस्तुत टिपणात त्याच्या घडणीचा विचार करावयाचा आहे. कारण या घडणीतील उणीव व्याकरणापुरती मर्यादित राहत नाही, असे आमचे मत आहे.

वस्तूचे रूपांतर सांगण्याची मराठीत एक जुनी व नेटकी रचना आहे. ‘दुधाचे दही झाले’, ‘लाकडाची राख झाली’, ‘पानांचा चुरा झाला’. मूळ पदार्थ षष्ठीत जातो, निष्पन्न पदार्थ प्रथमेत उभा राहतो आणि षष्ठीचा प्रत्यय व क्रियापद ही दोन्ही निष्पन्नाचे लिंगवचन स्वीकारतात. निष्पन्नाचे नाव घेतल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. ‘प्लॅस्टिकचे विघटन झाले’ हे वाक्य दिसावयास याच साच्यातले. परंतु येथे निष्पन्नाच्या आसनावर क्रियेचेच नाव बसले आहे. ‘झाले’ हे रूप ‘दही’शी जुळते तसेच ‘विघटन’शी जुळते, आणि कान फसतो. वाक्य पुरे झाल्याचा भास होतो; प्लॅस्टिकचे अखेर काय झाले, हे सांगावयाचे राहूनच जाते.

यावर कोणी म्हणेल की ‘धानाची रोवणी झाली’ हे वाक्यही असेच आहे, आणि त्यात काही उणे नाही. आक्षेप रास्त आहे. तथापि रोवणीने धानाचे दुसरे काही होत नाही. तेथे क्रियेचे नाव पुरेसे असते. जेथे पदार्थच पालटतो, तेथे क्रियेच्या नावावर थांबणे म्हणजे अर्धे विधान करणे होय.

भंडारा जिल्ह्यातील एक नित्याचे उदाहरण घेऊ. कापणीनंतर धानाचे पुंजणे रचतात व अवकाळी पावसाच्या भीतीने त्यांवर प्लॅस्टिकची ताडपत्री घालतात. काही हंगाम ऊन सोसल्यावर ती ठिसूळ होते आणि हात लावताच तिचे पापुद्रे सुटतात. ते बांधीत पडतात, पावसाच्या पाण्याबरोबर मामा तलावांकडे वाहतात. ‘ताडपत्री’ हा शब्द ‘टारपॉलिन’ या इंग्रजी शब्दाचे ताडाच्या पानाशी नाते जोडून लोकांनी घडविलेला दिसतो. पण पान मातीत कुजते. हे पापुद्रे कुजत नाहीत. अतिनील किरण व हवेतील ऑक्सिजन यांच्यामुळे पॉलिथिलीनच्या लांब शृंखला तुटतात, वस्तूचे बळ जाते, परंतु द्रव्य बहुतांशी तसेच राहते. येथे ‘विघटन झाले’ असे म्हटले तर ते असत्य नाही. ‘ताडपत्रीचा भुगा झाला’ असे म्हटले तर ते सत्यही आहे व पुरेही आहे.

उत्प्रेरकाच्या प्रयोगांत हीच संदिग्धता अधिक घातक ठरते. अकिरा फुजिशिमा व केनिची होंडा यांनी टिटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचे अपघटन होऊ शकते, असे १९७२ साली दाखविले. तेव्हापासून हा पदार्थ प्रकाश-उत्प्रेरणात अग्रस्थानी आहे. प्रकाशाने त्यात सुटे झालेले इलेक्ट्रॉन व त्यांच्यामागे राहिलेल्या पोकळ्या ऑक्सिजन व पाणी यांच्यापासून अतिशय क्रियाशील मूलके निर्माण करतात, आणि ती बहुवारिकाच्या शृंखलेवर आघात करतात. मात्र त्याच्या अ‍ॅनाटेज या रूपास सुमारे ३८८ नॅनोमीटरहून आखूड तरंगलांबीचे किरण लागतात, आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत त्यांचा वाटा जेमतेम विसावा. म्हणून ‘टिटॅनियम डायऑक्साइड प्लॅस्टिक नष्ट करते’ या वाक्यातील कर्ताही तपासून घ्यावा लागतो. हाच पदार्थ पांढरा रंग म्हणून प्लॅस्टिकात घालतात, आणि त्याने प्लॅस्टिकला इजा करू नये म्हणून त्याच्या कणांवर सिलिका वा अ‍ॅल्युमिना यांचे आवरण देतात!

प्रयोगात वजन घटले, अथवा अवरक्त वर्णपटात कार्बोनिल गटाची खूण वाढली, की ‘विघटन’ सिद्ध झाले असे लिहिले जाते. वजनातील घट द्रव्य कोठे गेले ते सांगत नाही. कार्बोनिलची वाढ ऑक्सिडीकरण झाले एवढेच सांगते. सर्व कार्बनाचा कार्बन डायऑक्साइड झाला की नाही, हे तो वायू मोजल्यानेच कळते. उलट, केंब्रिज येथे एर्विन राइझनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कॅडमियम सल्फाइडचे सूक्ष्म कण, अल्कधर्मी द्रावण व प्रकाश यांच्या योगे प्लॅस्टिकपासून हायड्रोजन व लहान सेंद्रिय रेणू मिळविले. तेथे हेतूच उपयुक्त निष्पन्नाचा होता. भुगा, वायू आणि इंधन ही तिन्ही एकाच ‘विघटना’त कोंबणे शास्त्रीय गद्यास शोभत नाही.

कायद्यालाही ही अडचण जाणवलेली आहे. केंद्र शासनाने २०२४ च्या दुरुस्तीत जैवविघटनशील प्लॅस्टिकची व्याख्या करताना सूक्ष्मप्लॅस्टिक मागे न राहण्याची अट घातली. म्हणजे काय उरते, हे शब्दाबाहेर जाऊन सांगावे लागले.

‘विघटन’ हा शब्द टाकून द्यावा, असे आम्ही म्हणत नाही. सर्वसामान्य संज्ञा म्हणून तो राहावा. परंतु त्याच्या पोटात तीन भेद करावेत. वस्तूचे तुकडे होणे ते ‘खंडीभवन’ (‘खंडन’ हा शब्द वादविवादाने आधीच व्यापला आहे). रेणूची साखळी तुटणे तो ‘शृंखलाभंग’. आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी इत्यादींपर्यंत मजल जाणे ते ‘पूर्ण अपघटन’. या शेवटच्या अर्थी ‘खनिजीभवन’ हा शब्दही सुचेल. पण वायूला खनिज म्हणणे मराठी कानास चमत्कारिक वाटते.

संज्ञा रूढ होण्यास काळ लागेल. तोवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने आपले प्रत्येक ‘विघटन झाले’ दह्यादुधाच्या साच्यात घालून पाहावे : कशाचे काय झाले? उत्तर देता आले तर प्रयोग पुरा झाला. न आले तर वाक्याबरोबर प्रयोगही अपुरा आहे. आणि उद्या कोणी ‘विघटनशील’ ताडपत्री विकावयास आला, तर पुंजण्याशेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या हातीही हाच प्रश्न असावा.