अंगावरचें दूध आणि त्याचा भाव

इंग्रजी कादंबरीचा इतिहास शिकवितांना जॉर्ज मूर या आयरिश ग्रंथकाराच्या ‘एस्थर वॉटर्स’पाशीं आलों, कीं वर्गांत चुळबूळ सुरू होते, असा आमचा अनुभव आहे. फसलेली मोलकरीण, अनौरस मूल, घोड्यांच्या शर्यतींवरील जुगार, हें सारें विद्यार्थी निमूटपणें ऐकून घेतात. परंतु एस्थर आपल्या अंगावरचें दूध विकते तें प्रकरण येतांच माना खालीं जातात. १८९४ सालीं ही कादंबरी निघाली तेव्हां इंग्लंडांतील एका बड्या फिरत्या वाचनालयानें ती ठेवण्याचें नाकारलें होतें. त्या सोंवळेपणाला हंसण्यापूर्वीं आम्ही आपल्याच वर्गाकडे पाहतों आणि गप्प बसतों.

कथाभाग असा. एस्थर बाळंत होते. जवळ पैसा नाहीं, घरचा आधार नाहीं. मिसेस रिव्हर्स नांवाच्या सधन बाईस आपल्या तान्ह्यासाठीं दूधआई हवी असते. एस्थर तिच्याकडे राहते आणि आपला मुलगा मिसेस स्पायर्स नांवाच्या बाईकडे आठवड्याला पांच शिलिंग देऊन ठेवते. मालकीण तिला पोटभर खाऊं घालते, पण मुलाला भेटूं देत नाहीं. बाहेरचा रोग घरांत येईल ही भीति. एस्थरच्या आधीं त्या घरीं दोन दूधआया होऊन गेल्या होत्या आणि दोघींचींही मुलें दगावलीं होतीं. पुढें मिसेस स्पायर्स सुचविते, कीं पांच पौंड दिल्यास मुलाची कायमची सोय लावतां येईल. ‘सोय’ या शब्दाचा अर्थ एस्थरला कळतो. श्रीमंताचें एक मूल वाढावें म्हणून गरिबांचीं किती मुलें मरावयाचीं, हा हिशेब ती मालकिणीसमोर मांडते आणि नोकरी सोडून आपल्या मुलाकडे जाते.

या प्रकरणांत मूरची लेखणी सर्वांत स्थिर आहे, असें आमचें मत आहे. मिसेस रिव्हर्सला त्यानें राक्षसीण केलेलें नाहीं. ती भित्री आहे, आपल्या बाळासाठीं जीव टाकते आहे, आणि म्हणूनच दुसरीचें बाळ तिला दिसत नाहीं. असें पात्र रंगविणें खलनायिका रंगविण्याहून कठीण. खेद इतकाच वाटतो, कीं उत्तरार्धांत शर्यतींचा पसारा इतका माजतो, कीं हा दुधाचा हिशेब लेखक स्वतःच विसरला कीं काय अशी शंका यावी.

आपल्याकडे हिरकणीची आख्यायिका लहानपणापासून सांगतात. गडाचे दरवाजे बंद झाले, बाळ खालीं भुकेलें, म्हणून ती रायगडाचा कडा उतरून गेली. तीहि दूधच विकावयास आली होती, हें आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं. परंतु हिरकणीचें विकावयाचें दूध गोठ्यांतलें, पाजावयाचें वेगळें. एस्थरपाशीं दोन्ही एकच होतें.

बंगाली लेखिका महाश्वेतादेवी यांची ‘स्तनदायिनी’ ही कथा १९८७ सालीं गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांच्या ग्रंथांतून इंग्रजींत पसरली. ती वाचल्यावर मूरचा हिशेबहि अपुरा वाटूं लागतो. यशोदेचा नवरा कंगालीचरण हालदारांच्या मुलाच्या मोटारीखालीं पाय गमावतो. संसार चालावा म्हणून यशोदा हालदारांच्या वाड्यांत दूधआई होते. दूध आटूं नये म्हणून तिला पुन्हां पुन्हां बाळंत व्हावें लागतें. स्वतःचीं वीस मुलें, शिवाय वाड्यांतलीं. मूरच्या कादंबरींत दूध एकाच्या तोंडचें काढून दुसऱ्याला दिलें जातें. येथें तर जास्तीचें दूध मुद्दाम निर्माण केलें जातें, आणि तें निर्माण करणारें शरीर शेवटीं स्तनाच्या कर्करोगानें सडतें. वाडा तिला देवीपद देतो आणि मरतेवेळीं एकहि दूधमुलगा जवळ नसतो. यशोदा म्हणजे भारतभूमीचें रूपक, असें लेखिकेनेंच सांगितलें आहे. आम्ही तें मानतों. तरी रूपक हातीं लागलें, कीं वाचकाचें लक्ष यशोदेच्या मजुरीवरून उडतें, ही आमची तक्रार आहे.

हें सारें पुस्तकांतच राहिलें असतें तर एवढा कागद खर्चण्याचें कारण नव्हतें. मुंबईस शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयांत १९८९ सालीं डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या प्रयत्नानें मातृदुग्धपेढी निघाली. आपल्या बाळाचें पोट भरून उरेल तें दूध माता तेथें देते, तें ६२.५ अंश सेल्सिअसवर अर्धा तास ठेवून निर्जंतुक करतात, गोठवितात आणि अपुऱ्या दिवसांच्या बालकांना पाजतात. मोबदला नाहीं. २०२४ सालीं भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानें मातेच्या दुधाचा व्यापार कायद्यास मान्य नाहीं असें बजावलें. यावर अर्थशास्त्र शिकविणारे आमचे एक स्नेही विचारतात, कीं डॉक्टरास वेतन, परिचारिकेस वेतन, बाटल्या धुणाऱ्यासहि वेतन. मग देणारीनेंच काय घोडें मारलें? प्रश्न रास्त आहे. ‘मातृत्व पवित्र आहे’ हें त्याचें उत्तर नव्हे. तें उत्तर हालदारांच्या वाड्यांत यशोदेला रोज मिळत होतें. आमचें उत्तर एस्थरच्या हिशेबांत आहे. भाव लागला, कीं उरलेलें किती हें बाळाच्या भुकेवरून न ठरतां आईच्या गरजेवरून ठरेल, आणि बाळाचा वांटा किती आंखडला तें बाटलीवर लिहिलेलें नसेल. मात्र देणारीच्या जाण्यायेण्याचा आणि आहाराचा खर्च पेढीनें सोसावा, हें स्नेह्यांचें म्हणणें आम्हांला खोडतां आलेलें नाहीं.

यंदा वर्गांत एका विद्यार्थिनीनें मान खालीं घातली नाहीं. तास संपतांना तिनें विचारलें, “सर, एस्थर निघून गेल्यावर मिसेस रिव्हर्सच्या बाळाचें काय झालें?” आम्हीं पुस्तक पुन्हां चाळलें. मूर त्या घरांत परत जात नाहीं. त्या रात्रीं तें बाळ काय प्यालें असेल, हें त्यानें लिहिलेलें नाहीं. आणि त्या बाळाचा तर कांहींच अपराध नव्हता.